एकाच दिवशी जमीन विकली आणि तीच खंडाने घेतली: बार्शीकडच्या जुन्या कागदांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पणजोबांची शेती बार्शीजवळ होती. ट्रंकेत १९०५ ते १९२० च्या दरम्यानची एक वही, अडत दुकानाच्या काही पट्ट्या, म्हणजे मालविक्रीचे हिशेब, आणि दोन स्टँपाचे कागद निघाले. मोडी तुम्ही वाचून घेतलीत, पण अक्षर लागलं तरी अर्थ लागत नाही. ज्वारीचा भाव उलटा चालल्यासारखा दिसतो, रुपये दोन तऱ्हेचे दिसतात, आणि पणजोबांनी जमीन विकली त्याच दिवशी तीच जमीन खंडाने, म्हणजे दरसालच्या ठराविक भाड्याने, कसायला घेतली. "विकायचीच होती तर परत का घेतली, आणि घरात कुणी याबद्दल कधी बोललं का नाही?"

असे कागद वाचणं हाच माझा उद्योग आहे, म्हणून शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. ती विक्री बहुधा विक्री नव्हतीच. ते कर्ज होतं, आणि दरसालचा खंड हे त्याचं व्याज. त्या काळच्या शेतीच्या गावात खरेदी, विक्री आणि भाडं हे तीन वेगळे व्यवहार समजून कागद वाचायला बसलात तर प्रत्येक पानावर अडाल. तिन्हींच्या मुळाशी उधारी आहे. मात्र हे तुमच्या कागदांवरूनच ठरवायचं तर आधी वही वाचता आली पाहिजे, म्हणून तिथून सुरुवात करू.

पहिली गोष्ट तारखा. तुमच्या वहीत शके आहे, स्टँपाच्या कागदावर इंग्रजी तारीख आहे, सरकारी पावतीवर फसली साल असेल आणि अडत्याच्या पट्टीवर कदाचित संवत. ही वेगवेगळी वर्षं नाहीत. शके १८३० चा मार्गशीर्ष म्हणजे डिसेंबर १९०८, तोच फसली १३१८ आणि गुजराती-मारवाडी वहीत संवत १९६५. शकात ७८ मिळवा, जानेवारीनंतरची तिथी असेल तर ७९. फसलीत ५९० मिळवा, पण ते साल मृगाला सुरू होतं हे लक्षात ठेवा. संवत दिवाळीला पालटतो, त्यामुळे एकाच इंग्रजी वर्षात दुकानदाराची दोन सालं येतात. पाडव्याला खातं "नव्या वहीत ओढलं" असं दिसलं तर नवं कर्ज झालं असं समजू नका, जुनीच बाकी पुढे आलेली असते.

दुसरी गोष्ट रकमा. तुम्ही पाठवलेल्या वाचनात एके ठिकाणी "५११ रुपये, खुरपी व विळा" असं आहे. अहो, पाचशे अकरा रुपयांत तेव्हा खुरपी नव्हे, शेत आलं असतं. तिथे ५॥ आहे, म्हणजे साडेपाच, आणि खुरपी-विळ्यासाठी तेही जास्तच, तेव्हा बहुधा साडेपाच आणे. आकड्यामागे रुपयाची खूण आहे का ते मूळ पानावर पाहा. उभी रेघ म्हणजे पाव, दोन उभ्या म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपयाच्या हिशेबात एक उभी रेघ चार आण्यांची. तिच्यापुढे आडव्या किंवा तिरप्या रेघा आल्या की एकेक आणा वाढवायचा. ७।= हे सात रुपये सहा आणे. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, तीन पईंचा पैसा; एवढं पाठ असलं की पुरे. नवखे वाचक या रेघांवरच घसरतात आणि मग घरात कथा तयार होते की पणजोबा लखपती होते.

आता ज्वारीचा "उलटा" भाव. तुम्हाला वाटलं की फाल्गुनात २० आणि ज्येष्ठात १४, म्हणजे ज्वारी पावसाच्या तोंडावर स्वस्त झाली. झालं नेमकं उलट. आज आपण क्विंटलला किती रुपये ते सांगतो, तेव्हा रुपयाला किती शेर ते सांगत. याला धारण म्हणत. आकडा जितका मोठा, तितकं धान्य स्वस्त. वजनी पक्का शेर धरला तर २० शेरांच्या धारणेला चाळीस शेरांचा मण दोन रुपयांना पडला, १४ शेरांच्या धारणेला तोच मण पावणेतीन रुपयांच्या वर गेला. बार्शीकडे शाळूची सुगी माघ-फाल्गुनात, तेव्हा माल बाजारात लोटतो आणि सरकारी साऱ्याचा हप्ताही त्याच सुमाराला डोक्यावर असतो. त्यामुळे शेतकरी विकतो तेव्हा धारण मोठी. पेरणीच्या वेळी घरातली पेवं, कणग्या रिकाम्या झाल्या की तोच माणूस दुकानातून ज्वारी घेतो, आणि तेव्हा धारण आखडलेली. ही दोन टोकं वहीत शेजारीशेजारी लावून बघा. पणजोबा कशामुळे अडकले ते निम्मं तिथेच कळेल.

धान्य मात्र बहुतेक मापानेच चालायचं, वजनाने नाही. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पुढे मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. म्हणून वहीतला "मण" पाहून लगेच किलो काढायला बसू नका. पक्का वजनी मण ८० तोळ्यांच्या शेराने चाळीस शेरांचा, म्हणजे ३७ किलोंच्या थोडा वर, पण मुंबईच्या कापूस बाजाराचा मण २८ रत्तलांचा (रत्तल म्हणजे पौंड) आणि तसले २८ मण म्हणजे ७८४ रत्तलांची खंडी. तुमच्या पट्टीत ज्वारीचा मण आणि सरकीचा मण हे दोन वेगळे मण असण्याची शक्यता बरीच आहे.

मापात आणखी एक भानगड असे, ती शिगेची, म्हणजे मापाच्या काठावर चढणाऱ्या ढिगाची. घेणारा शिगोशीग भरून घेई आणि देताना हात फिरवून सपाट देई. मापारी धान्य मोजताना पहिल्या मापाला "एक" म्हणत नसे, "लाभ" म्हणे, मग दोन, तीन. त्याचं लक्ष मोजण्यावर आणि शेतकऱ्याचं त्याच्या तळहातावर. कायद्याने माप ठरलं तरी तळहात कोण ठरवणार?

दोन तऱ्हेच्या रुपयांचं कारण बार्शीची जागा. तालुका इंग्रजी अमलात, पण बहुतेक बाजूंनी निजामाचा मुलूख लागलेला. परंडा, भूम, कळंब, तुळजापूर, पार लातूरपर्यंतच्या गाड्या बालाघाट उतरून बार्शीच्या पेठेत येत. ज्वारी, कापूस, करडई, जवस घालून जात आणि मीठ, कापड, रॉकेल, भांडी घेऊन परतत. १८९७ मध्ये कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली आणि हा ओघ आणखी वाढला. सरहद्दीवर निजामाचं करोडगिरी, म्हणजे जकात, नाकं, तिथे साधारण शेकडा पाच द्यावे लागत. पलीकडचा रुपया हाली शिक्का, अलीकडचा कलदार. शंभर कलदारांना हाली साधारण ११६-११७ पडत, म्हणजे ७० हाली बरोबर ६० कलदार असा सोपा हिशेब धरा. वहीत "हा." आणि "क." अशा खुणा आहेत त्या याच. बट्टा, म्हणजे नाणं बदलताना पडणारा फरक, रोज हलायचा आणि तो सराफाच्या हातात. सरहद्दीपलीकडच्या पाहुण्याला हातउसने दिले, तर ते कोणत्या नाण्यात दिले आणि कोणत्या नाण्यात परत आले हे नीट बघा. मी वाचलेल्या वह्यांत भाऊबंदकीची सुरुवात या एका अक्षरावरून झालेली दिसते. १९११ मध्ये तीच रेल्वे लातूरपर्यंत पोचली. त्यानंतर तिकडचा पुष्कळ माल तिकडेच गाडीत चढू लागला, तेव्हा त्या सालानंतर वहीतली सरहद्दीपलीकडची नावं विरळ झाली तर नवल नाही.

आता अडतीच्या पट्ट्या. या कागदांकडे लोक सहसा दुर्लक्ष करतात, मला मात्र स्टँपाच्या कागदांपेक्षा या जास्त बोलक्या वाटतात. शेतकरी पहाटे गाडी घेऊन अडत्याच्या दारात उभा राहतो. अडत्या त्याच्या वतीने माल विकतो, पण खरेदीदाराशी त्याचं रोजचं घेणंदेणं असतं, शेतकरी वर्षातून दोनतीनदा येणारा. भाव उघड बोलत नसत. अडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली किंवा रुमालाखाली हात धरत, बोटं दाबून आकडा ठरे, आणि मालाचा धनी शेजारी उभा राहून दोघांच्या चेहऱ्याकडे बघे. एक बोट म्हणजे एक, दहा की शंभर हे त्या दोघांनाच माहीत. या करपल्लवीत मुळात लबाडी होतीच असं नाही, बैलबाजारात हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी, तेही तसाच सौदा करत. पण ज्याचा माल त्यालाच भाव शेवटी कळावा ही रीत कुणाच्या सोयीची होती हे सांगायला नको.

मग पट्टी लिहिली जाई. वर मालाची रक्कम जमा. खाली वजावट: अडत, हमाली, तोलाई, मापारी, कचरा-ओलाव्याबद्दल कडता, रोख पैसे दिल्याबद्दल वटाव, धर्मादाय, पांजरपोळ. नमुन्याला म्हणून ओंजळ-ओंजळ माल गेला त्याचा तर हिशेबच नाही. तुमच्या एका पट्टीत धर्मादायाच्या दोन ओळी आहेत, ती लेखनिकाची चूक नसावी. एक देवस्थानची, एक गोशाळेची. दानाचं पुण्य दुकानाच्या नावावर, पैसा गाडीवाल्याचा! शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात देशभरच्या बाजारांतल्या अशाच वजावटींवर आणि कापडाखालच्या सौद्यांवर बोट ठेवलं. वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजारासाठी १८९७ पासून कायदा होता, मुंबई इलाख्यात मात्र कापसासाठी १९२७ आणि एकूण शेतमालासाठी १९३९ उजाडावं लागलं. म्हणजे तुमच्या पट्ट्यांच्या काळात बार्शीत अडत्याला विचारणारं कुणी नव्हतं.

पट्टीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ तळाशी असते: "उचल वजा". पेरणीला बियाणं, पोळ्याला झूल, लेकीच्या लग्नाला रोकड, हे सगळं अडत्याकडून आधीच उचललेलं. उचल घेतली की माल त्याच्याच दारात घालायचा, दुसरीकडे चार आणे जास्त मिळत असले तरी. वहीतली "नावे" आणि "जमा" कुणाच्या बाजूने लिहिली आहे तेही बघा. वही घरची असेल तर "जमा" म्हणजे आपल्याकडे आलं. पण दुकानदाराने दिलेल्या खात्याच्या उताऱ्यात आपल्या "नावे" पडलेली रक्कम आपण देणं लागतो. तुमच्याकडे दोन्ही तऱ्हेची पानं एकत्र शिवलेली दिसतात, म्हणून बेरजा जुळत नाहीत.

आता स्टँपाचे कागद. त्यांच्या मागची गोष्ट १८७५ ची. त्या साली १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली, दंगा आजूबाजूला पसरला, आणि त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे तुमचे पणजोबा या कायद्याखाली येत. कर्जाचा दावा लागला तर खतावरचा आकडा मुकाट्याने न मानता मुळापासून हिशेब तपासायचा, व्याज वाजवी लावायचं, हप्ते पाडून द्यायचे, कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकायचं नाही, असे अधिकार न्यायाधीशाला मिळाले. दामदुप्पट तर आधीपासून होतीच: थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त एका वेळी मागता येत नाही. म्हणूनच जुनी खतं व्याज मुद्दलाच्या जवळ आलं की फाडून नव्याने लिहिलेली दिसतात, व्याज मुद्दलात मिळवून.

कायद्याने गहाणखत आणि कर्जरोखे न्यायाधीशासमोर उघडे पडले, तेव्हा सावकाराने कागदच बदलला. कर्ज द्यायचं, पण लिहून घ्यायचं कायम खरेदीखत. त्याच दिवशी त्याच शेतकऱ्याकडून कबुलायत, म्हणजे भाडेचिठ्ठी: सदर जमीन मी तुमच्याकडून दरसाल इतक्या खंडाने कसायला घेतली. आणि तोंडी बोली: पैसे फेडलेस की जमीन परत लिहून देतो. नांगर त्याच हातात, बांध तोच, शेतात काहीच हललेलं नाही. समजा खरेदी ४०० रुपयांची आणि खंड ४८ रुपये, तर हे शेकडा बारा व्याज झालं, फक्त त्याला खंड म्हटलं. घरात कुणी बोललं नाही कारण घरच्यांच्या लेखी जमीन गेलेलीच नव्हती. पुढे या पळवाटेलाही उत्तर आलं; खरेदीखत हे मुळात गहाणच होतं असं तोंडी पुराव्याने सिद्ध करायची मुभा शेतकऱ्याला मिळाली. पण ती वापरायची तर कोर्टाची पायरी चढावी लागे, आणि पुढच्या पेरणीला पैसे द्यायला तोच सावकार.

सरसकट प्रत्येक जोडकागदाला हा अर्थ लावू नका, खरीखुरी विक्री करून कूळ म्हणून राहिलेलीही माणसं होती. तुमच्या कागदांत मी काय बघतो ते सांगतो. दोन्ही कागदांचे साक्षीदार आणि लेखक तेच आहेत. किंमत त्या वेळच्या शेजारच्या बांधाच्या विक्रीपेक्षा फार कमी आहे का, हे तालुक्याच्या इतर दस्तांवरून कळेल. सरकारी सारा कुणी भरायचा? तुमच्या भाडेचिठ्ठीत तो कुळाने भरायचा आहे, आणि मालक खरोखर बदलला असता तर साऱ्याचं ओझं बहुधा नव्या मालकाने घेतलं असतं. खंड पीक बुडालं तरी तेवढाच, हे तर व्याजाचंच लक्षण. साध्या कुळाकडे बटाई किंवा अर्धल असती, पिकेल त्यात निम्मं, बियाणं आणि कडबा कुणाचा ते ठरवून. आणि खरेदीखताखाली पणजोबांची सही नाही, "निशाणी नांगर" आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती, तेव्हा ती वही त्यांनी लिहिलेली नाही, घरातल्या दुसऱ्या कुणाची किंवा दुकानातून आलेली आहे. लिहून घेणाऱ्याचं नाव वाणी-मारवाड्याचं नाही म्हणून तुम्ही गोंधळलात, पण सावकारी करणाऱ्यांत पैसेवाले शेतकरी, वकील, भिक्षुक सगळे होते.

भाड्याच्या बाकीच्या नोंदी साध्या आहेत. बार्शीतली खोली महिन्याच्या भाड्याने, चिठ्ठी असली तर असली, नाहीतर तोंडी. एका वर्षाच्या आतलं भाडं नोंदवायची गरज नव्हती, म्हणून खोलीचा दस्त शोधत बसू नका. गाडी आणि बैल भाड्याने घेतल्याच्या नोंदी येतात त्या बाजाराच्या खेपांच्या. नांगरटीला मात्र शेजारी एकमेकांचे बैल जुंपत, त्या सावडीचा पैसा कुठेच लिहिलेला नसतो. सालगडी पाडव्याला ठरे: रोकड, धान्य, धोतरजोडी, घोंगडं, वहाणा. सुतार-लोहाराचं बलुतं खळ्यावरच जाई. वहीत सुताराला रोख दिलेले दिसले तर ते बलुत्याबाहेरचं काम, नव्या गाडीचं वगैरे. आणि वीस रुपयांवरच्या पावतीला एक आण्याचं तिकीट लागे. तुमच्या एका पावतीवर वीस रुपयेच नेमके आहेत, ते का हे उघड आहे.

१९१८ ची पानं वाचताना जरा थांबा. महायुद्धाने कापड, रॉकेल, मीठ सगळं महाग झालं, चांदीची चणचण म्हणून सरकारने १९१७ अखेर एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि त्यात पाऊस गेला आणि इन्फ्लुएंझा आला. नोटेचे लोक पुरे पैसे देत नसत, तिलाही बट्टा लागायचा. धारण अगदी आखडलेली दिसेल आणि खंडाच्या पुढे "बाकी" असा शब्द येईल. ती बाकी पुढच्या कागदात कुठे गेली ते शोधा, जमीन खरंच गेली असेल तर बहुतेक त्याच सुमाराला.

पुढचं काम असं. खरेदीखतावर नोंदणीचा शिक्का, पुस्तक आणि दस्त क्रमांक आहे. शंभर रुपये किंवा त्यावरच्या जमीनविक्रीला नोंदणी लागतच होती, तेव्हा दुय्यम निबंधकाकडे त्याची नक्कल मागा आणि पुढच्या वीसेक वर्षांच्या सूचीत तीच दोन नावं उलट्या क्रमाने, म्हणजे लिहून देणारा सावकार आणि लिहून घेणारं तुमचं घराणं, अशी सापडतात का बघा. सापडली तर जमीन सुटली. नाही सापडली तर तहसीलच्या अभिलेख कक्षात हक्कनोंदणीचे जुने फेरफार काढा. हे रजिस्टर १९०३ च्या कायद्यानंतर सुरू झालं, त्यामुळे तुमचा काळ त्यात बसतो. जाताना खरेदीखतातला सर्व्हे नंबर आणि चतु:सीमा लिहून न्या, कारण एकत्रीकरणानंतर तिथे गट नंबर आले आणि नुसता जुना नंबर सांगितला तर कारकून परत पाठवील. आणि मूळ कागद कृपा करून लॅमिनेट करू नका, टाचण्या काढा आणि सुती कापडात सपाट ठेवा.